हजेरीपट आणि उत्पादकता

२०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याच्या इमारतींवरील सेंट्रिंगवाले, लोखंड बांधणारे आणि गवंडी श्रमिक रेल्वेगाड्यांनी उत्तरेकडे परतल्यानंतर, मागे उरलेल्या मोजक्या बिगाऱ्यांनी मुखपट्टी बांधून व परस्परांत अंतर राखून पूर्वीइतकेच काम उरकावे, ही बिल्डरमंडळींची अपेक्षा मला अन्यायाची वाटते. स्लॅब ओतताना घमेल्यांची साखळी अखंड लागते. मधला एक जण तापाने पडला की बाकीचे नाइलाजाने खोळंबतात, आणि त्यास आळस म्हणणे ही मुकादमी दृष्टी झाली. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्यान्वये बांधकामखर्चावर तेव्हा उपकर वसूल होत होता खरा. परंतु हजेरीपटावर अंगठा उठवणाऱ्या कित्येकांची कल्याणकारी मंडळाच्या दप्तरी नोंदच नव्हती. कामगार टिकवायचा, तर ही नोंदणी आणि आजारपणातील भरपगारी रजा यांची तजवीज ठेका देतानाच करारनाम्यात व्हावयास हवी.