स्वस्त औषधाला वाली कोण?

मागणी असेल तेथे पुरवठा आपोआप होतो, असे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकविले जाते. औषधसंशोधनाच्या क्षेत्रात मात्र हा नियम अर्धाच खरा ठरतो. रुग्णाची गरज कितीही तीव्र असो, ज्या उपायावर कोणाचाही मालकीहक्क नाही, तो पारखून पाहण्यासाठी खासगी भांडवल सहसा पुढे येत नाही. स्तनकर्करोगावरील दोन भारतीय प्रयोग या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहेत.

लिग्नोकेन हे दात काढताना हिरडीत टोचले जाणारे जुने व अल्पमोली भुलीचे औषध. कर्करोगाच्या पेशींच्या आवरणातील सोडियमचे मार्ग रोगाच्या प्रसाराला साहाय्यक होतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले होते. आणि लिग्नोकेन नेमके हेच मार्ग रोखते. मग शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे ते गाठीभोवती टोचले तर? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील ११ केंद्रांत, २०११ ते २०२२ या काळात, रोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील १,६०० स्त्रियांच्या सहभागाने ही कल्पना कसाला लावण्यात आली. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, तर दिलेल्या गटात ९०.१ टक्के होते.

दुसरा प्रयोग निदानाचा. याच संस्थेने १९९८ पासून मुंबईतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, केवळ हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. सर्व वयोगट मिळून दिसलेली १५ टक्के घट मात्र संख्याशास्त्राच्या निकषावर निर्णायक ठरली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

लिग्नोकेनच्या एकाच चाचणीवर सारी भिस्त कशी ठेवावी, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. परंतु मग दुसरी चाचणी करणार कोण? नव्या, पेटंट असलेल्या औषधाच्या मागे कंपनी उभी असते. चाचण्यांचा खर्च ती पुढे किमतीतून वसूल करते. लिग्नोकेनच्या कुपीतून किंवा आरोग्यसेविकेच्या हातांतून असा नफा निघत नाही. म्हणजे उपाय जितका स्वस्त, तितका तो पोरका! या विसंगतीचे निराकरण बाजारपेठ करणार नाही. केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या छत्राखालील संस्थेने हे काम हाती घेतले, यातच त्याचे उत्तर आहे.

यास्तव शासनाने दोन गोष्टी कराव्यात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना निधी देऊन लिग्नोकेनची फेरचाचणी घडवून आणावी. आणि तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच, तर ती प्रत्यक्षात कितीजणींची झाली आणि गाठ आढळलेल्यांपैकी कितीजणी उपचारापर्यंत पोहोचल्या, याचा जिल्हावार हिशेब दरवर्षी जाहीर करावा. शंभरात तीन-चार जीव वाचण्याची शक्यता दिसत असताना, त्यात कोणाचा नफा नाही एवढ्याच कारणाने ती पडून राहावी, हे कल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्याला शोभणारे नाही.