अकरा महिन्यांच्या घरातलं बाळंतपण

आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली आणि आम्ही पुण्यातच अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याच्या घरात आलो. खोकी अजून सुटायची होती. तेवढ्यात गॅलरीतल्या कपड्यांच्या तारेवर शिंजीर पक्ष्याच्या मादीने घर बांधायला घेतलं. गवताच्या काड्या, सालीचे कपटे, वाळकी पानं, आणि हे सगळं धरून ठेवायला कोळ्याची जाळी. लोंबती पिशवी, बाजूला दार, दारावर चक्क छोटासा छज्जा! लांबून पाहिलं तर वाऱ्याने अडकलेला कचरा वाटावा. तीच तर तिची हुशारी.

आम्ही कपडे आत वाळवू लागलो. अंडी दोन. पंधरवडाभर ऊब. मग पिल्लांना भरवायला नरही आला. शिंजीर फुलातला मध पितात हे आपण शाळेपासून ऐकतो. पण पिल्लांच्या चोचीत जातात ते किडे आणि कोळी, कारण वाढत्या अंगाला प्रथिनं लागतात. म्हणून कुंड्यांवरची औषधफवारणी मी थांबवली. दोन-अडीच आठवड्यांत, एका सकाळी, खोपा रिकामा होता. मला भरून आलं.

वाचकहो, विणीच्या दिवसांत फांद्या छाटण्यापूर्वी, पंप मारण्यापूर्वी एकदा नीट वर पाहा. फोटोसाठी घरट्याजवळ मोबाइल नेऊ नका. पिसं फुटलेलं पिल्लू खाली दिसलं तर उचलून घरात आणू नका. मांजर-कुत्रं दूर ठेवा. त्याचे आईबाप बहुधा जवळच असतात.