दमलेले नट-बोल्ट

बालमित्रांनो, आज एक सोपा प्रयोग करू या. कागदांना लावायची तारेची एक जुनी क्लिप घ्या आणि सरळ करा. आता ती दोन्ही हातांनी ओढून तोडायचा प्रयत्न करा. तुटते का? मुळीच नाही! आता तीच तार एकाच जागी इकडून तिकडे, तिकडून इकडे वाकवत राहा. वाकवताना मोजा. काही वेळातच 'टक्' आवाज होईल आणि तारेचे दोन तुकडे होतील. (टोकं टोचतात बरं का, जपून!)

एकदा जोर लावून जी तार तुटली नाही, ती कमी जोर पुन्हा पुन्हा लावल्यावर तुटली. याला म्हणतात धातूचा थकवा. आपण दमलो तर रात्री झोपून सकाळी ताजेतवाने होतो. धातूचं तसं नाही. त्याच्यात एकदा बारीक भेग पडली, की ती आपोआप भरून येत नाही. प्रत्येक हेलकाव्याला ती थोडी थोडी वाढतच जाते.

विमानात असे हजारो बोल्ट आणि रिव्हेट असतात आणि त्यांच्यावर सतत कमी-जास्त ओढ पडत असते. मग ते लगेच दमत कसे नाहीत? मजबूत पोलाद वापरतात, हे उत्तर अर्धंच झालं. उरलेलं अर्धं उत्तर आहे, बोल्ट नीट आवळण्यात!

शाळेतला ताणकाटा आठवा. तो टांगा, त्याचा आकडा खाली ओढून १० किलोपर्यंत आणा आणि काटा व आकडा यांच्यामध्ये लाकडाचा एक ठोकळा घट्ट अडकवा. आता आकडा वर जाऊ शकत नाही आणि काटा १० किलो दाखवतो. या आकड्याला ३ किलोचं वजन लावलं, तर काटा किती दाखवेल, सांगा पाहू?

१३ म्हणालात? चुकलात! काटा १० च दाखवेल. कारण आतली स्प्रिंग आधीच १० किलोच्या जोराने ठोकळा दाबून धरत होती. त्यातले ३ किलो वजन पेलायला गेले आणि ठोकळ्यावरचा दाब ७ किलो उरला. स्प्रिंगला मात्र काही फरकच पडला नाही. वजन १० किलोच्या पुढे गेलं, की मग ठोकळा सुटेल आणि स्प्रिंग हलायला लागेल.

बोल्टचंही असंच आहे. नट आवळला, की बोल्ट अगदी किंचित ताणला जातो आणि मधले पत्रे दाबून धरतो. बोल्ट ही स्प्रिंग आणि पत्रे हा ठोकळा! या आधीच दिलेल्या ताणाला पूर्वताण म्हणू या. पूर्वताण पुरेसा असेल, तर बाहेरची ओढ कमी-जास्त झाली तरी तिचा अगदी थोडा हिस्सा बोल्टपर्यंत पोचतो. ढिल्या बोल्टला मात्र प्रत्येक हिसका सोसावा लागतो. म्हणून ढिला बोल्ट लवकर दमतो.

मग आवळा हवा तेवढा जोर लावून, असंही नाही हं! जास्त आवळला तर आटे खराब होतात, कधी बोल्टच तुटतो. म्हणून विमानाचे कारागीर किती जोर लावला हे दाखवणारा खास पाना वापरतात. गंमत म्हणजे पान्याला लावलेल्या जोरापैकी सुमारे ९० टक्के जोर घासण्यातच खर्च होतो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. त्यामुळे आटे कोरडे आहेत की तेल लावलेले, यानेही खूप फरक पडतो.

आता एक खरी घटना ऐका. २८ एप्रिल १९८८. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सचं एक विमान हिलोहून होनोलुलूला निघालं होतं. २४ हजार फुटांवर असताना त्याच्या छताचा सुमारे १८ फूट लांबीचा भाग उडून गेला! वैमानिकांनी तशा अवस्थेतही विमान माउई बेटावर उतरवलं. ९५ पैकी ९४ जण वाचले. क्लॅराबेल लान्सिंग या हवाईसुंदरी मात्र वाऱ्याच्या झोताबरोबर बाहेर फेकल्या गेल्या. त्या ३७ वर्षं हे काम करत होत्या.

असं का झालं? त्या विमानाने ८९,६८० उड्डाणं केली होती. वर गेलं, की आतल्या हवेच्या दाबाने विमानाचं अंग किंचित फुगतं. खाली आलं, की पूर्ववत होतं. म्हणजे आपल्या क्लिपसारखंच! त्याचे पत्रे एकमेकांवर ठेवून गोंदाने चिकटवलेले आणि वर रिव्हेटने जोडलेले होते. गोंदाने भार सगळीकडे वाटून द्यायचा, अशी योजना होती. पण दमट, खाऱ्या हवेत गोंद सुटला. मग सगळा भार आला रिव्हेटच्या छिद्रांच्या कडांवर. तिथे बारीक भेगा पडल्या, वाढल्या आणि एके दिवशी एकमेकींना जाऊन मिळाल्या.

आणि ऐका, विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ पत्र्याला भेग दिसली होती! पण त्या कुणालाच काही बोलल्या नाहीत.

या अपघातानंतर जुन्या विमानांची तपासणी कडक झाली. रिव्हेटच्या आसपासच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आता विजेवर चालणाऱ्या उपकरणाने शोधतात. पण दिसलेली भेग सांगायला उपकरण लागत नाही. "मोठ्यांना माहीत असेलच, आपण कशाला बोला?" असं म्हणू नका. बागेतला झोपाळा कुरकुरतोय, बाकाचा बोल्ट हलतोय, सायकलचं चाक डुगडुगतंय, तर लगेच मोठ्यांना सांगा. पालकहो, मूल असं काही सांगत आलं, तर हातातलं काम ठेवून एकदा जाऊन बघा.

आता तुमच्यासाठी प्रश्न. विमानाच्या काही बोल्टांच्या डोक्यांना भोकं पाडून त्यांतून तार ओवलेली असते. ती कशासाठी? विचार करा. उत्तर पुढच्या अंकात!