चुणचुणीत

आमच्या पडेगावात या आठवड्यात एका वसाहतीचा फलक लागला: ‘स्मार्ट घरं, स्मार्ट जगणं’. त्याआधी स्मार्ट मीटर, स्मार्ट क्लासरूम, स्मार्ट सलून होतंच. एका विशेषणाला इतकं राबवून घेतलेलं मला सहन होत नाही.

केंद्राचं स्मार्ट सिटी मिशन जून 2015 मध्ये सुरू झालं. सप्टेंबर 2016 च्या यादीत आपलं शहर, तेव्हाचं औरंगाबाद, आलं. पण याच स्मार्ट शहरात 2018 मध्ये नारेगावकरांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, मिटमिट्यात दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. पुढे शहराच्या कचऱ्यावर प्रक्रिया करायला ज्या जागा ठरल्या, त्यांत पडेगाव होतं.

आता हा शब्द मुळात काय होता, ते बघा. जुन्या इंग्रजीत ‘स्मार्ट’ म्हणजे झोंबणारा, ठणका लावणारा. ‘श्मेर्ट्स’ म्हणजे वेदना, हा जर्मन शब्द त्याच्याच भाऊबंदांतला. फटका सणसणीत म्हणून स्मार्ट. मग चपळ माणूस स्मार्ट. सतराव्या शतकात हुशारी आली, अठराव्यात टापटीप पोशाख. बाँब आणि फोन यांना तो लागला अगदी अलीकडे, विसाव्या शतकात. मूळ अर्थ मात्र क्रियापदात अजून शाबूत आहे. संध्याकाळी कुणी रस्त्याकडेला प्लास्टिक पेटवलं की आमचे डोळे चुरचुरतात. त्या चुरचुरण्याला इंग्रजीत आजही हेच क्रियापद आहे.

आणि हीच वाट आपल्या मराठीनं स्वतःहून काढली आहे! परवा किराणा दुकानात गल्ल्यावर दुकानवाल्या आजीची आठ-नऊ वर्षांची नात बसली होती. तेल, साखर, डाळ यांचा हिशोब तिनं तोंडी केला आणि सुट्टे पैसे माझ्या हातावर मोजून ठेवले. मागचं गिऱ्हाईक म्हणालं, “लय स्मार्ट पोरगी आहे.” आजी गोणीचं तोंड बांधता बांधता म्हणाली, “चुणचुणीत हाय, लहानपणापासून.”

जखमेला औषध लागलं की चुणचुणतं आणि पोर चलाख निघालं की चुणचुणीत. तिखट मिरची, तिखट पोर. मराठवाड्याच्या तोंडी रुळलेलं ‘तल्लख’ही फारसी ‘तल्ख’शी, म्हणजे कडूशी, नातं सांगतं. ज्याचा चटका बसतो तेच जिवंत, ही जाण या शब्दांत आहे. घराला किंवा मीटरला ‘स्मार्ट’ म्हणताना ती उरत नाही.

मीटरला स्मार्ट म्हणायचं तर म्हणा. पण बाई, सर, यंदा प्रगतिपुस्तकावर शेरा लिहाल तेव्हा लेकराला चुणचुणीत म्हणा.