‘फाल्कन’ची बारा वर्षे

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाने समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या माइनस्वीपर नौकांची एक मालिकाच बांधली आणि त्यांना पक्ष्यांची नावे दिली. त्यातली ‘फाल्कन’ नोव्हेंबर १९१८ मध्ये, म्हणजे युद्ध थांबले त्याच महिन्यात, सेवेत आली. युद्ध संपले होते, सुरुंग मात्र संपले नव्हते. जर्मन पाणबुड्यांना अडवण्यासाठी स्कॉटलंड ते नॉर्वे असे सुमारे सत्तर हजार सुरुंग पेरलेले. दोन नौकांनी मध्ये पोलादी दोर ताणून चालायचे, सुरुंगाला तळाशी बांधून ठेवणारी तार कापायची, वर आलेला सुरुंग फोडायचा. १९१९ मध्ये ‘फाल्कन’ने हे काम केले. मानमरातब मिळवून देणारे ते नव्हतेच.

पुढे ही नौका बुडालेल्या पाणबुड्यांच्या कामाला जुंपली गेली. डिसेंबर १९२७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ ‘एस-४’ ही पाणबुडी तटरक्षक दलाच्या जहाजाची धडक बसून बुडाली. चाळीस जण आत होते. पुढच्या कप्प्यात सहा जण जिवंत होते आणि पत्र्यावर ठोके देत वर पोहोचलेल्या गोताखोरांशी बोलत होते. ‘फाल्कन’ डोक्यावर उभी होती. पण समुद्र खवळलेला आणि माणसे बाहेर काढायचे साधनच कोणाकडे नाही. ते सहाही गेले.

या अपयशानंतर जे झाले, ते बातमीत बसणारे नव्हते. ‘एस-४’ वर काढून तिच्यावरच सुटकेच्या साधनांच्या चाचण्या घेतल्या गेल्या. चार्ल्स मॉम्सेन आणि अॅलन मॅककॅन या नौदल अधिकाऱ्यांच्या खटपटीतून पाणबुडीच्या झडपेवर घट्ट बसणारी लोखंडी सुटका-कोठी तयार झाली. मे १९३९ मध्ये न्यू हॅम्पशायरजवळ ‘स्क्वालस’ ही पाणबुडी ७० मीटरहून अधिक खोल बुडाली, तेव्हा ही कोठी ‘फाल्कन’वरूनच खाली गेली. चार फेऱ्यांत सात, नऊ, नऊ आणि आठ, असे ३३ जण वर आले. शेवटच्या फेरीत तार अडकली, तिचे पीळ तुटू लागले, तेव्हा खलाशांनी हातांनी ओढून कोठी वर घेतली. पाण्याने भरलेल्या मागच्या भागातले २६ जण वाचू शकले नाहीत.

नौका तीच, वीस वर्षे जुनी. फरक पडला तो मधल्या बारा वर्षांत कोणीतरी चिकाटीने पैसा आणि डोके लावले म्हणून.

आपल्याकडे या चिकाटीचीच वानवा आहे. नौदलाची शेवटची माइनस्वीपर ‘कोझिकोड’ २०१९ मध्ये निवृत्त झाली. गोवा शिपयार्डमध्ये दक्षिण कोरियाच्या साहाय्याने बारा नौका बांधायचा बेत त्याच्या आदल्याच वर्षी बारगळला होता. नव्या नौकांच्या खरेदीला तत्त्वतः मंजुरी मिळायला जुलै २०२५ उजाडले. आणि धोका काही परक्या समुद्रातला नाही: जून १९१७ मध्ये ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज मुंबईजवळच बुडाले, ते ‘वुल्फ’ या जर्मन युद्धनौकेने पेरलेल्या सुरुंगाने. विमानवाहू नौकेच्या जलावतरणाला मंत्र्यांची रीघ लागते; पहिली नवी माइनस्वीपर कधी पाण्यात उतरणार, याची तारीख मात्र संसदेत कोणी तरी मागायला हवी.