संगणक बंद होता होता अडतो तेव्हा...

रात्रीचे अकरा वाजलेले. भिलाईच्या टाउनशिपमधील एखाद्या क्वार्टरमध्ये मुलीचा अभ्यास, आजोबांच्या पेन्शनचे कागद, लग्नाचे फोटो असे सारे एकाच संगणकात असते. तो बंद करायला जावे, तर पडद्यावर सूचना येते की अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. आकडा तीस टक्क्यांवर येतो आणि तिथेच बसून राहतो. अर्धा तास होतो. मग घरातले कोणीतरी वैतागून भिंतीवरचे बटण खटकन बंद करते. बहुतेक संगणक बिघडतात ते इथे!

भिलाईकरांना हे समजायला कठीण नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशी भट्टी मनात आले म्हणून विझवता येत नाही. आतला रस थिजला, तर भट्टीच निकामी होण्याची भीती. अपडेटचेही तसेच आहे. विंडोज चालू असताना तिच्या काही फाइली वापरात असतात, त्या बदलता येत नाहीत. म्हणून ते काम संगणक बंद होताना आणि पुन्हा सुरू होताना उरकले जाते. जुनी फाइल निघाली, नवी अजून बसली नाही, अशा क्षणी वीज तोडली तर पुढे काय होईल याचा भरवसा नाही.

मग करावे काय? आधी थांबावे. जुनी हार्ड डिस्क असलेल्या संगणकाला एक-दोन तासही लागतात. डब्यावरचा छोटा दिवा लुकलुकत असेल, तर आत काम चालू आहे असे समजावे आणि खुशाल झोपायला जावे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवावा. तीन-चार तासांनंतरही आकडा जागचा हलला नाही आणि दिवाही शांत असेल, तरच प्रिंटर, पेन ड्राइव्ह काढून घ्यावेत व संगणकाचे पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. भिंतीवरचे नव्हे.

पुन्हा सुरू केल्यावर विंडोज बहुधा अर्धवट बदल आपणहून मागे घेते. त्यालाही वेळ लागतो, तेव्हा पुन्हा घाई नको. दोन-तीनदा सुरू होण्यात अपयश आले, तर दुरुस्तीचा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि तिथून अनइन्स्टॉल अपडेट्स असे गेले की नवे अपडेट काढून टाकता येते. काही संगणक अशा वेळी बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागतात. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असू शकते. पण खाते कुणाच्या नावाने उघडले हेच घरात कुणाला आठवत नसते! आजच ती शोधून वहीत लिहून ठेवावी.

मायक्रोसॉफ्टची सुरक्षेची अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. अमेरिकेत तेव्हा सकाळ, आपल्याकडे रात्र. त्यामुळे त्या आठवड्यात बुधवार-गुरुवारी दुपारी, घरात कोणी असताना, 'अपडेट अँड रीस्टार्ट' करून घेणे सोयीचे. वादळी पावसात, वीज जाण्याची शक्यता असताना हे काम टाळावे. सी ड्राइव्हमध्ये वीसेक जीबी जागा मोकळी असावी. जागा नसणे हे अपडेट अडण्याचे नेहमीचे कारण आहे.

दोष दर वेळी घरच्यांचा असतो असेही नाही. 'अपडेट अँड शट डाउन' निवडूनही संगणक बंद न होता पुन्हा सुरू व्हायचा, ही तक्रार कैक वर्षांची. विंडोज ११ मधला हा दोष कंपनीने २०२५ च्या अखेरीस दूर केला.

या कटकटीला कंटाळून काही जण अपडेटच कायमचे बंद करून टाकतात. तो उपाय रोगाहून वाईट. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' विषाणूने जगभरातील संगणकांच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरचे अपडेट १४ मार्चलाच निघाले होते. ज्यांनी ते दोन महिने लांबणीवर टाकले, त्यांचे संगणक त्यात सापडले. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असा संगणक घरी असेल, तर त्यातले फोटो आणि कागद आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत.