हौशी बाई, पोकरचे टेबल आणि आत्मकथनाची अडचण

पोकरच्या स्पर्धांत उतरलेल्या हौशी लेखकांनी लिहिलेली अनुभवकथने हा वाङ्मयप्रकार आमच्याकडील साहित्याच्या वर्गांत गंभीरपणे घेतला जात नाही. विषय ऐकताच काही अभ्यासक नाक मुरडतील, याची आम्हांस कल्पना आहे. त्यांना एवढीच आठवण करून द्यावीशी वाटते की ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक संपूर्ण सूक्त फाशांच्या नादाने उद्ध्वस्त झालेल्या माणसाच्या तोंडी आहे, महाभारताच्या कथेला कलाटणी मिळते ती सभापर्वातल्या द्यूताने, आणि 1866 साली दोस्तोयेव्स्कीने सव्वीस दिवसांत तोंडी सांगून लिहवून घेतलेल्या कादंबरीचे नावच 'जुगारी' असे आहे. तेव्हा सोवळे पाळण्याचे कारण नाही.

प्रश्न वेगळा आहे. या परंपरेत बाई कोठे बसलेली असते? अक्षसूक्तात ती घरी आहे. फासे नवरा टाकतो आणि हालअपेष्टा तिच्या वाट्याला येतात. सभापर्वात तर ती स्वतःच पण आहे. 'पणाला लावणे' हा शब्दप्रयोग आपण रोज इतक्या सहज करतो की त्यातील वस्तू एके काळी एक हाडामांसाची स्त्री होती, हे विसरून जातो. द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, हा खेळाच्या नियमांविषयीचा प्रश्न आहे. त्या दिवशी त्या सभेत डोके शाबूत ठेवून विचार करणारी ती जवळजवळ एकटीच. पण फासे काही तिच्या हाती नव्हते. खेळणारी स्त्री पाहायची तर वेरूळला जावे लागते. तेथील चौदाव्या आणि एकविसाव्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेली आहेत, आणि पुराणांतील कथांत पार्वती शिवाला हरवतेही. देवीला जे साधले ते मानवी स्त्रीला साहित्यात फार उशिरा मिळाले. जॉर्ज एलियटच्या 'डॅनियल डेरोंडा'ची (1876) नायिका ग्वेंडोलेन पहिल्याच प्रकरणात रुलेटच्या टेबलाशी उभी आहे. मात्र आपण तिला पाहतो ते एका पुरुषाच्या परीक्षक नजरेतून, आणि ती नजर पडल्यावर तिचे दान फिरते. दोस्तोयेव्स्कीची म्हातारी आजी अधिक बिनधास्त आहे; पण तीही शेवटी वारसदारांच्या काळजीचा विषय होऊन बसते.

रुलेट आणि पोकर यांत मात्र एक मूलभूत भेद आहे, व तो येथे सांगणे आवश्यक आहे. रुलेटमध्ये चाकाशी खेळायचे असते, पोकरमध्ये माणसांशी. आज सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, पाच पाने टेबलावर टप्प्याटप्प्याने उघडी मांडली जातात, आणि प्रत्येक टप्प्यावर बोली लावायची, समोरच्याची बोली पत्करायची की पाने टाकून द्यायची, हे ठरवायचे असते. आमच्याकडे तीनपत्ती खेळणारे ज्याला 'पॅक होणे' म्हणतात ते हेच. स्पर्धेत सर्वांनी सारखेच प्रवेशशुल्क भरून सारख्याच चिप्स घ्यायच्या असतात. न खेळता द्याव्याच लागणाऱ्या सक्तीच्या बोली दर काही वेळाने वाढत जातात. चिप्स संपल्या की उठायचे. म्हणजे नुसते चांगल्या पानांची वाट पाहत बसणाराही हळूहळू झिजत जातो. बक्षीस मिळते ते थोड्यांना, आणि मोठे बक्षीस अगदीच मोजक्यांना. उत्कृष्ट खेळाडूही बहुतेक स्पर्धांतून रिकाम्या हाताने परततो. कथनाच्या दृष्टीने ही रचना फार अडचणीची आहे.

या अडचणीशी सर्वांत जाणीवपूर्वक झुंजणारे पुस्तक आमच्या मते मारिया कॉनिकोव्हा यांचे 'द बिगेस्ट ब्लफ' (2020) हे होय. कॉनिकोव्हा यांचा जन्म मॉस्कोचा, शिक्षण अमेरिकेतले. कोलंबिया विद्यापीठातून वॉल्टर मिशेल यांच्या हाताखाली मानसशास्त्रात डॉक्टरेट आणि पुढे 'न्यूयॉर्कर' नियतकालिकात लेखन. 2015 हे वर्ष त्यांना वाईट गेले: निदान न होणारे आजारपण, आईची आणि पतीची नोकरी जाणे, आजीचा मृत्यू. आयुष्यात आपल्या हाती किती आणि दैवाच्या हाती किती, हा प्रश्न घेऊन त्या जॉन फॉन नॉयमन यांच्या गेम थिअरीकडे वळल्या, आणि त्या सिद्धांताच्या मुळाशी पोकर आहे हे त्यांच्या ध्यानात आले. पत्त्यांच्या जोडात पाने किती असतात हेही ठाऊक नसलेल्या या बाईंनी मग एरिक सायडेल या मुरलेल्या खेळाडूकडे शिष्यत्व मागितले. एका वर्षात तयारी करून 2017 सालच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत उतरायचे, असा संकल्प. प्रवेशशुल्क दहा हजार डॉलर, स्पर्धक 7,221.

हौशी लेखकाने स्पर्धेत उतरून पुस्तक लिहावे, हा घाट त्यांचा नव्हे. जेम्स मॅकमॅनस हे 2000 साली 'हार्पर्स' मासिकासाठी याच स्पर्धेचे वार्तांकन करायला गेले, स्वतःच खेळायला बसले आणि पाचवे आले. त्यांचे पुस्तक 2003 चे. 'हौशी' हा मराठी शब्द येथे फार उपयोगी पडतो. त्यात हौस आहे आणि पोटासाठी न करण्याची मुभाही आहे. आमच्या हौशी रंगभूमीने त्या शब्दाला प्रतिष्ठाही दिली आहे. पण पुरुष हौशी असला की तो धाडसी ठरतो. बाई हौशी असली की 'हौसेखातर आलेली' ठरते. एकाच शब्दाच्या या दोन छटा पोकरच्या टेबलावर अगदी रोखीत मोजल्या जातात.

कॉनिकोव्हांच्या पुस्तकातील सर्वांत मोलाचा भाग आम्हांस हाच वाटतो. मुख्य स्पर्धेत स्त्रियांचे प्रमाण शेकडा पाचाच्याही आत असते. म्हणजे टेबलावर बहुधा त्या एकट्याच. आरंभीच्या काळात आपण चांगली पानेही उगाच टाकून देतो आहोत, दमदाटीच्या बोलीपुढे माघार घेतो आहोत, हे त्यांच्या लक्षात आले. समोरच्या माणसाचे मन दुखवू नये, आपण आक्रस्ताळ्या दिसू नये, असे जे लहानपणापासून अंगी बाणवले गेले ते दोन पाने हाती घेतल्यावरही सुटत नव्हते. मानसशास्त्राच्या विदुषीला आपल्याच मनाची ही गाठ टेबलावर चिप्स गमावून कळावी, यातली गंमत त्या लपवीत नाहीत. पुढे त्या समोरच्या पुरुषांचेच वर्गीकरण करू लागतात. बाईकडून फसवले जाणे ज्यांना असह्य वाटते ते कधी पाने टाकत नाहीत. त्यांच्यापुढे थाप मारू नये. बाईला थाप मारताच येत नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यापुढे खुशाल मारावी. पूर्वग्रहाचे असे भांडवल करणे चतुर आहे खरे, आणि वाचताना सुखावणारेही.

तरीही येथेच आमचा मतभेद सुरू होतो.

सायडेल यांनी शिष्येला एक नियम घालून दिला होता. दुर्दैवाने हरलेल्या डावांच्या कहाण्या सांगायच्या नाहीत. आपला निर्णय योग्य होता का, एवढेच विचारायचे; शेवटचे पान वाईट पडले याचे रडगाणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या अंगणात टाकणे. खेळाडू म्हणून हा उपदेश बिनतोड आहे. निकालावरून निर्णयाची किंमत करू नये, ही शिकवण टीकाकारांनीही घ्यावी अशी आहे. (पुरस्कार मिळाल्यावर कादंबरी थोर वाटू लागण्याचा आजार आमच्या क्षेत्रात पुष्कळ आहे. असो.) पण हाच नियम आत्मकथनाला लावला की काय होते? वाईट पान येणे हे दैव आहे. बाई म्हणून टेबलावर लाडीगोडीने किंवा तुच्छतेने हाक मारली जाणे हे दैव नव्हे. ते कोणीतरी करीत असते. दोहोंना एकाच 'तक्रार करू नये' या सदरात घातले की टेबलाची घडण नजरेआड होते आणि उरते ती खेळाडूच्या स्वभावातली एक त्रुटी, तिने मेहनतीने दुरुस्त करावी अशी. कॉनिकोव्हा ती दुरुस्त करतात. आपण टाळी वाजवतो. टेबल होते तसेच राहते.

आमच्या मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये रडगाणे नाही, हे आपण वर्गात कौतुकाने शिकवतो. त्यांच्या विनोदाची उदाहरणे देतो. परंतु पतीचे धर्मांतर हे लक्ष्मीबाईंवर दैवाने पडलेले पान नव्हते, तो दुसऱ्या माणसाने घेतलेला निर्णय होता, आणि लक्ष्मीबाई त्याची नोंद हसत हसत का होईना पण करतातच. न रडता नोंद करणे आणि नोंदच न करणे यांत अंतर आहे. स्त्रियांची आत्मकथने शिकवताना 'संघर्षातून यश' हे सूत्र विद्यार्थ्यांच्या वहीत आपणच उतरवून देतो, आणि मग परीक्षेत तेच सूत्र परत आले म्हणून कुरकुरतो.

यशाचा मुद्दा निघालाच आहे तर तोही पाहू. 2017 च्या मुख्य स्पर्धेत कॉनिकोव्हांना अर्धशिशीने गाठले; पुस्तकाचा आरंभच त्या प्रसंगाने होतो. संकल्पाप्रमाणे गोष्ट तेथे संपायला हवी होती. ती संपली नाही. जानेवारी 2018 मध्ये बहामा बेटांवरची एक स्पर्धा त्या जिंकल्या, बक्षीस 84,600 डॉलर. पुस्तक लांबणीवर पडले आणि लेखिका काही काळ व्यावसायिक खेळाडू झाली. दैवाचा वाटा मान्य करा, निकालावर विसंबू नका, असे पानोपानी सांगणारे हे पुस्तक ज्या रूपात आपल्या हाती आले ते मात्र एका सुखद निकालामुळे. तेथे शेवटचे पान उलटे पडते तर? तीच बुद्धी, तीच मेहनत, तेच निर्णय. पुस्तक कदाचित निघाले असते, पण वेष्टनावरचा मजकूर वेगळा असता. लेखिकेला ही विसंगती ठाऊक आहे, असे पुस्तकात जागोजागी जाणवते. प्रकरणांच्या शेवटी येणाऱ्या जीवनोपयोगी बोधांना मात्र ती ठाऊक नाही.

व्हिक्टोरिया कोरेन यांचे 'फॉर रिचर, फॉर पुअरर' (2009) या बाबतीत अधिक मोकळे आहे. कोरेन पत्रकार, विनोदकार अ‍ॅलन कोरेन यांच्या कन्या. 2006 साली लंडनची युरोपीय मालिकेतील स्पर्धा जिंकून पाच लाख पौंड मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुस्तकात विजय आहे, पण त्याच्याभोवती एकटेपणा, रात्रीच्या मैत्र्या, वडिलांचा मृत्यू असे बरेच काही आहे जे कोणत्याही बोधात बसत नाही. 2014 च्या एप्रिलमध्ये त्यांनी सान रेमोला तोच मान दुसऱ्यांदा मिळवला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्या प्रायोजक कंपनीचा करार सोडला. कंपनीने पोकरसोबत रुलेटसारखे खेळही ऑनलाइन आणले होते, आणि जेथे खेळणाऱ्याला जिंकण्याची खरी संधीच नाही त्याची जाहिरात करणे त्यांना पटले नाही. कौशल्य आणि दैव यांतली रेषा एका हौशी बाईने स्वतःच्या उत्पन्नावर आखून दाखवली. आमच्याकडे ही रेषा न्यायालये 1968 च्या रमीविषयक निकालापासून आखत आली होती. 2025 च्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांपुरती ती पुसूनच टाकली.

स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धा असावी की नाही, हा वाद स्वतंत्र लेखाचा विषय आहे. एक तपशील मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये 1977 पासून स्त्रियांची स्पर्धा आहे. नेव्हाडात लिंगभेद कायद्याने करता येत नसल्याने पुरुषांना अडवता येईना, आणि काही महाभाग हौसेने तेथेही येऊन बसू लागले. 2013 साली संयोजकांनी प्रवेशशुल्क दहा हजार डॉलर केले व स्त्रियांना नव्वद टक्के सूट दिली. कायद्याचा असा विनोदी वापर आम्ही दुसरा पाहिलेला नाही.

आम्हांस एकच पुस्तक वर्गात लावायचे असते तर आम्ही केटी लेडरर यांचे 'पोकर फेस' (2003) लावले असते. लेडरर कवयित्री. वडील एका श्रीमंत निवासी शाळेत इंग्रजी शिकवणारे आणि भाषेवर गमतीदार पुस्तके लिहिणारे, आई पत्त्यांत आणि मद्यात रमलेली, भाऊ हॉवर्ड आणि बहीण अ‍ॅनी ड्यूक दोघेही पुढे नामांकित खेळाडू. केटीने लास व्हेगासला जाऊन हात आजमावला आणि ती उठून आली. बहामाचा विजय नाही, पाच लाख पौंड नाहीत. आहे ते एक कुटुंब, ज्यात प्रेमाची भाषा हळूहळू पैजेची भाषा होत गेली, आणि त्यातली एक मुलगी जी प्रत्येकाचा चेहरा वाचायला शिकली, पण तो खेळ मात्र तिने पत्करला नाही. बार्बरा एनराइट 1995 मध्ये मुख्य स्पर्धेच्या अंतिम टेबलावर बसून पाचव्या आल्या. त्यानंतर तेथे पोहोचणारी दुसरी स्त्री, स्पेनची लिओ मार्गेट्स, 2025 मध्ये सातवी आली. मधल्या तीस वर्षांत हजारो बायका वेगवेगळ्या टेबलांवरून चिप्स संपल्यावर उठून गेल्या. लेडररचे पुस्तक त्यांच्या बाजूचे आहे.